सूट कशावर, ते आधी सांगा

२६ जानेवारीचे सेल लागले की माझ्या इनबॉक्समध्ये एक ठरावीक प्रश्न येतो. यंदा जरा जास्तच आला, कारण डिसेंबरमध्ये मी रॅमच्या भाववाढीवर लिहिलं होतं. प्रश्न असा: "दादा, ग्राफिक्स कार्डावर ५५ टक्के सूट आहे. आत्ता घेऊ का पाडव्यापर्यंत थांबू?"

विचारणारे सगळे गेमवाले नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर खाली लगेच कुणीतरी लिहिणार की सोयाबीनला भाव नाही आणि तुम्ही पोरांच्या खेळण्यांवर लिहिताय. विचारणाऱ्यांत एक जण लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग करतो. एक फ्लेक्स आणि पत्रिकांचं डिझाइन करतो. एका मुलीनं ॲनिमेशनचा कोर्स केलाय, पुण्याला राहणं परवडत नाही म्हणून घरी बसून काम घेते. गेमवाले दोन. म्हणजे पाचातल्या तिघांचं पोट कॉम्प्युटरवर आहे. वस्तू तीस-पस्तीस हजारांची, आणि तालुक्याच्या गावात तीस-पस्तीस हजार म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

उत्तर देतो. पण आधी मला भांडायचंय. त्या प्रश्नातला "५५ टक्के सूट" हा भागच फसवा आहे, आणि तो फसवा आहे तोवर "आत्ता का नंतर" याचा हिशोब लागूच शकत नाही.

ही सूट मोजतात कशावरून? छापील किमतीवरून. पॅकबंद मालावर एमआरपी छापणं वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार बंधनकारक आहे. नियम चांगला आहे. बिस्किटाच्या पुड्यावर, साबणावर त्याचा ग्राहकाला उपयोग होतो, दुकानदार त्याच्यावर एक रुपया जास्त घेऊ शकत नाही. पण ग्राफिक्स कार्डावर ती किंमत किती छापावी, याला वरची मर्यादाच नाही. मग कुणी ७२ हजार छापतो. त्या भावानं ते कार्ड आजवर कुणी घेतलेलं नसतं आणि कुणी विकलेलंही नसतं. समजा, एरवी ते ३२ हजारांना मिळतंय. सेलच्या दिवशी ३२,४०० लावले की झाली ५५ टक्के सूट. चारशे रुपयांनी महाग होऊन ५५ टक्क्यांनी स्वस्त!

आकडे उदाहरणापुरते घेतलेत, पण रीत हीच आहे. खात्री करायची तर कुठल्याही कार्डाच्या खोक्यावरची एमआरपी बघा आणि पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ओळखीच्या कुणाला तरी भाव विचारायला सांगा.

बरं, आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये "अनुचित व्यापार प्रथा" याची भलीमोठी व्याख्या आहे. वस्तू एरवी ज्या भावानं विकली जाते त्याबद्दल लोकांची दिशाभूल करणं त्या व्याख्येत बसतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, परत केली तर ५० लाखांपर्यंत. ३० नोव्हेंबर २०२३ ला "डार्क पॅटर्न" रोखायला मार्गदर्शक तत्त्वं निघाली. त्यात १३ प्रकार मोजलेत आणि यादीतला पहिलाच आहे खोटी घाई. "फक्त २ शिल्लक." "ऑफर संपायला ११ मिनिटं." घड्याळ शून्यावर गेलं, पान परत उघडलं, की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. हे पाहिलं नाही असा माणूस या पोस्टवर नसेल.

म्हणजे व्याख्या आहे, दंड आहे, यादी आहे. नाही काय, तर कालचा भाव. दिशाभूल झाली हे ग्राहकानं दाखवायचं तर आधीचा भाव त्याच्या हातात पाहिजे, आणि तो सांगण्याचं बंधन विक्रेत्यावर नाही. युरोपनं हे भोक साध्या पद्धतीनं बुजवलंय. तिथं २८ मे २०२२ पासून नियम लागू आहे: किंमत उतरवल्याची जाहिरात करायची असेल, तर त्याआधीच्या निदान ३० दिवसांतला तुमचा सगळ्यात कमी भाव शेजारी लिहा. सूट मोजायची ती त्या भावावरून. बस्स. सरकारनं भाव ठरवणं नाही, कुणाच्या नफ्याला हात लावणं नाही. ३२ हजारांचं ३२,४०० केलं असेल तर "सूट" हा शब्दच वापरता येणार नाही, इतकंच.

हे इथं आणायला खर्च किती? शून्य. ऑनलाइन विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे मिनिटामिनिटाच्या भावाची नोंद असते. तुम्ही रात्री साडेअकराला कुठलं कार्ड बघितलं हे त्यांच्या लक्षात राहतं, आणि महिन्यापूर्वीचा स्वतःचा भाव राहत नाही, असं कसं होईल?

यावर ठरलेलं उत्तर असतं. "कुणी जबरदस्ती करतंय का? ग्राहकानं शहाणं व्हावं." मला या वाक्याची चीड आहे. बाजार समितीत शेतकऱ्याला भावाचा फलक दिसला पाहिजे, हे आपण मान्य करतो. पेट्रोल पंपावर दर लिहिलेला असतो. सराफाच्या दुकानात आजचा भाव पाटीवर असतो. तिथं कुणी म्हणत नाही की गिऱ्हाइकानं शहाणं व्हावं, पाटी कशाला? आणि शहाणं होण्याची संधीही सगळ्यांना सारखी नसते. पुण्यातलं पोरगं एका दुपारी चार दुकानं फिरून येतं. बार्शी-करमाळ्याच्या पोराला त्यासाठी दिवसाचा धंदा बुडवून एसटीनं जावं लागतं. त्याच्यासाठी मोबाईलवरची ती पट्टीच बाजार आहे, आणि बाजाराची पाटीच खोटी आहे.

(आमच्या धंद्याच्या पहिल्या पानावर याच सेलच्या पानभर जाहिराती असतात, हे कुणी आठवण करून देण्याआधी मीच लिहितो. असतात. म्हणून तर हे इथं लिहितोय.)

गावातल्या दुकानदारालाही मोकळा सोडत नाही. "भाव फोनवर सांगत नाही, समोर या" ही पद्धत बंद करा राव. आणि नावावर माल खपवणं तर त्याहून वाईट. ग्राफिक्स कार्डाच्या धंद्यात एकाच नावाची दोन वेगळी कार्डं असतात, हे अर्ध्या गिऱ्हाइकांना माहीत नसतं. आरटीएक्स ३०५० चं ८ जीबीचं कार्ड वेगळं आणि नंतर आलेलं ६ जीबीचं वेगळं. फरक नुसत्या मेमरीचा नाही, आतली चिपही कापलेली आहे. जीटी १०३० मध्ये जीडीडीआर५ मेमरीचं एक आणि डीडीआर४ चं एक, दुसरं कितीतरी मंद, पण खोक्यावर नाव तेच. ५०६० टीआय ८ जीबीतही आहे आणि १६ जीबीतही. सेलमध्ये मोठी सूट दिसली, की हे बारीक अक्षर आधी वाचा. दुकानदाराच्या बाजूनं एक मात्र बोललं पाहिजे: एसएमपीएस जळला की रात्री नऊला घरी येणारा तोच असतो, आणि वॉरंटीसाठी कार्ड पुण्याला पाठवायची कटकटही तोच करतो. त्यापायी त्यानं हजार रुपये जास्त घेतले, तर मी त्याला लूट म्हणणार नाही. त्यानं ते सांगून घ्यावेत.

बिनव्याजी हप्त्यांचं एका परिच्छेदात उरकतो, कारण यावर आधी दोनदा लिहून झालंय. बिनव्याजी असं काही नसतं. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज ही गोष्टच अस्तित्वात नाही. बँक व्याज लावते, विक्रेता तेवढी रक्कम सुरुवातीला सूट म्हणून वजा दाखवतो. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यात त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्या खिशातून जातो, वर प्रोसेसिंग फी. रोख घेतल्यावर मिळणारी सूट हप्त्यावर मिळत नसेल, तर ते तुमचं व्याज.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांकडे वळतो. यूट्यूबवर जे सांगत असतात, "थांबा, घाई करू नका, नवं कार्ड आलं की जुनं पडणार." ही मंडळी खोटं बोलत नाहीत. पण त्यांची सवय एका काळातली आहे आणि एका देशातली आहे.

थांबणाऱ्यांचा फायदा झालाय, नक्की झालाय. आरटीएक्स ४०८० नोव्हेंबर २०२२ मध्ये ११९९ डॉलरला आलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याच्यापेक्षा थोडं सरस ४०८० सुपर ९९९ ला. चौदा महिने कळ काढणाऱ्याचे दोनशे डॉलर वाचले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवरचं खाणकाम बंद झालं, तेव्हाही भाव उतरले. पण त्याच्या आधीचं वर्ष आठवा. २०२१ मध्ये ज्यांनी "जरा उतरू दे" म्हटलं, त्यांना जाहीर भावाच्या दुप्पट मोजूनही कार्ड मिळत नव्हतं. भाव उतरतो हा निसर्गनियम नाही. कधी उतरतो, कधी चढतो, आणि कशामुळे, ते बघावं लागतं.

आणि डॉलरचा भाव उतरला म्हणजे आपला उतरला, असंही नाही. हा हिशोब कागदावर करून बघा. फेब्रुवारी २०२१ मध्ये आरटीएक्स ३०६० आलं ३२९ डॉलरला. डॉलर तेव्हा ७३ च्या आसपास. म्हणजे २४ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले साधारण २८,३००. मे २०२५ मध्ये त्याच जागेचं आरटीएक्स ५०६० आलं २९९ डॉलरला. अमेरिकेतला गिऱ्हाईक म्हणतो, वा, तीस डॉलरनं स्वस्त. डिसेंबरमध्ये डॉलर ९० च्या पुढे गेला. २९९ गुणिले ९०, वर जीएसटी, झाले ३१,७०० च्या वर. व्यापाऱ्याचा नफा, वाहतूक दोन्ही हिशोबांत धरलेलं नाही. तिकडं ३० डॉलर खाली, इकडं तीन हजार वर. शिवाय जुन्यात मेमरी १२ जीबी होती, नव्यात ८. वेग नव्याचा जास्त आहे, हे कबूल. पण "थांबा, स्वस्त होईल" म्हणणाऱ्यानं रुपयाचंही सांगावं.

यंदाचं वारं तर उलटंच आहे. गेल्या पावसाळ्यानंतर मेमरीचे भाव जे सुटले ते थांबेनात, रॅम दुपटीहून महाग झाली. ग्राफिक्स कार्डावरही मेमरीच बसवलेली असते, ते कुठून सुटणार? कारण एकच: एआयच्या डेटा सेंटरसाठी मिळेल ती मेमरी उचलली जातेय. मायक्रॉन ही जगातल्या तीन मोठ्या मेमरी कंपन्यांपैकी एक. तिनं ३ डिसेंबरला जाहीर करून टाकलं की क्रूशियल या नावानं सामान्य ग्राहकाला रॅम आणि एसएसडी विकणं बंद. एनव्हिडियाचं बघा. जानेवारी २०२५ ला संपलेल्या आर्थिक वर्षात त्यांची विक्री १३० अब्ज डॉलरच्या वर, त्यातले ११५ अब्ज डेटा सेंटरचे. गेमिंग कार्डांचे ११ अब्ज. ज्या गिऱ्हाइकाकडून धंद्याचा अकरावा-बारावा हिस्सा येतो, त्याच्यासाठी कंपनी भाव पाडायची घाई कशाला करेल? दर जानेवारीत लास वेगासला सीईएस भरतं. यंदा तिथं एनव्हिडियानं एकही नवं जीफोर्स कार्ड जाहीर केलं नाही. मग नवं आल्यावर जुनं पडणार म्हणता, ते नवं कुठंय?

आणि आपलं सरकार? मार्च २०२४ मध्ये इंडिया एआय मिशनला १० हजार ३०० कोटींवर मंजुरी मिळाली. ३८ हजारांवर जीपीयू स्टार्टअप आणि संशोधकांना तासाला ६५ रुपये अशा सवलतीच्या दरानं मिळतात, असं सरकार सांगतं. मिळावेत, माझी तक्रार नाही. पण तालुक्यातली ॲनिमेशनवाली मुलगी त्याच जातीची चिप विकत घेते तेव्हा पूर्ण १८ टक्के भरते. २२ सप्टेंबरला जीएसटीचे दर बदलले आणि "बचत उत्सव" झाला, तेव्हा एसी आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ वर आले. कार्डावर आधीही १८ होता, नंतरही १८. थंड हवा स्वस्त झाली, कामाचं अवजार होतं तिथंच.

आता पाच जणांची उत्तरं.

मिक्सिंगवाल्या, तू आत्ता घे. यंदा १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतोय, महिनाभर मुहूर्त नाहीत, म्हणजे उन्हाळ्याचा हंगाम त्याच्या आधीच गोळा करायचाय. पाडवा १९ मार्चला. त्या सेलमध्ये हजार रुपये वाचले आणि तोवरच्या रात्री रेंडर लावून जागण्यात दोन ऑर्डरी हातच्या गेल्या, तर वाचलं काय? पण घ्यायच्या आधी एक तपास. तुझा कॅमेरा एचईव्हीसी १०-बिट ४:२:२ मध्ये शूट करत असेल, तर जुन्या ४० मालिकेच्या कार्डाला ते हार्डवेअरवर उलगडता येत नाही, ५० मालिकेला येतं. म्हणजे ४० मालिकेवर कितीही सूट दिसली तरी ती तुझ्या कामाची नाही. आणि तुझ्याकडे इंटेलचा ११ व्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर असेल, तर हे काम त्याच्या आतल्या ग्राफिक्सलाही जमतं. मॉडेलच्या शेवटी "एफ" असेल तर मात्र आत ग्राफिक्स नाही. आपल्याकडे असेंबल करताना हजार-दीड हजार वाचवायला सर्रास एफ टाकतात. बिल काढून बघ. जीएसटी नंबर असेल तर बिल त्याच नंबरवर घे, १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळेल. एवढी खरी सूट कुठल्याच सेलमध्ये नाही.

फ्लेक्सवाल्याला कार्डच नको. कोरल आणि फोटोशॉपच्या तुझ्या कामात आधी रॅम आणि एसएसडी कमी पडते. रॅम महाग आहे, माहितीय. तरी पैसे तिकडंच.

ॲनिमेशनवाली ताई, ८ जीबीचं कार्ड सुटीच्या मोहात घेऊ नकोस. सीन मेमरीत मावला नाही की काम रखडतं नाहीतर बंद पडतं, तिथं वेगाचा उपयोग नाही. अमेरिकेत ५०६० टीआयच्या ८ आणि १६ जीबीच्या जाहीर किमतींत ५० डॉलरचा फरक होता. इथं जास्त पडेल, पण १६ चंच घे. तेवढे पैसे आज नसतील तर या पाचांत थांबायला सांगावं अशी तूच एक, आणि तेही भाव उतरेल म्हणून नाही, पैसे जमावेत म्हणून. सेकंडहॅण्ड बघत असशील तर बिलाशिवाय आणि उरलेल्या वॉरंटीशिवाय हात लावू नकोस, खाणकामात वर्षभर रात्रंदिवस तापलेली कार्डं अजून बाजारात फिरतात.

गेमवाल्या दोघांनो, तुमचं जुनं कार्ड चालतंय ना? मग चालू द्या. त्यात लाज नाही आणि नुकसानही नाही. नवा भाव चढला तरी तुमचं पोट अडणार नाही.

आणि आता माझं काम, त्याला तुमची मदत लागेल. ज्या कार्डाकडे डोळा आहे त्याचं पान आज उघडा. भाव, एमआरपी, मॉडेलचं पूर्ण नाव आणि मोबाईलवरची तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवा. दर आठवड्याला एक काढा. पाडव्याच्या सेलला "इतके टक्के सूट" दिसली की तोही काढा आणि सगळे मला पाठवा, तुमचं नाव बाहेर येणार नाही. जिथं भाव वाढवून सूट दाखवली असेल, तिथली तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करू, नंबर १९१५. तक्रार क्रमांक मिळाला की तोही कळवा. कार्डच पाहिजे असं नाही, फ्रीज, मिक्सर, काहीही चालेल. पुरेसे जमले की एकत्र बांधून ३० दिवसांच्या नियमाच्या मागणीसोबत आपल्या खासदारांच्या कार्यालयात नेऊन देतो, आणि त्यांनी काय उत्तर दिलं ते इथंच लिहितो.